आईला पुन्हा सांगू नये

मी, ऋता प्रभाकर शितोळे, वय वर्षे सव्वीस, व्यवसाय शिक्षिका, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः पूर्ण विचार करून लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात इंदूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. तरीही लिहिते, कारण माझ्या घरी आई आहे आणि तिला अल्झायमर आहे.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक धाकटा भाऊ विहंग याला मिळावी. अट एकच. आई, वासंतीबाई, हयात असेपर्यंत तिला या घरातून हलवू नये. दुसऱ्या घरात तिला न्हाणीघर सापडणार नाही, आणि विचारायची तिला लाज वाटते.

२. बाबा ऑटो चालवत. ते वारले, हे आईला आठवत नाही. ती ऑटो आता विहंग चालवतो; मी तिच्यावर हक्क सांगत नाही. फक्त संध्याकाळी त्याने दाराशी हॉर्न वाजवू नये. हॉर्न ऐकला की आई ताट वाढते आणि आत आलेल्या विहंगच्या मागे बघत राहते. "आले का रे ते?" असे तिने विचारले, तर "देवासची सवारी मिळाली, उशीर होईल," असे सांगावे. "मग दोन पोळ्या झाकून ठेव," म्हणते आणि शांतपणे जेवते.

३. आईचे मंगळसूत्र मीच तिच्या गळ्यात परत घातले, कारण ते हरवले म्हणून ती घरभर शोधायची. ते तिचे आहे. ते कोणाला देण्याचा अधिकार मला नाही, आणि उतरवण्याचा कोणालाच नाही. कुसुमआत्या या संक्रांतीला सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, दादाला जाऊन चार वर्षं झाली. हे शोभतं का?" आई त्या दिवशी नव्याने विधवा झाली. संध्याकाळपर्यंत कारण विसरली, पण रडणे थांबेना. तरी आत्याला घरी यायला बंदी नाही. तिच्या हातचे आई पोटभर जेवते. माझी निळी महेश्वरी साडी आत्याला द्यावी, ती तिच्या मनात भरली आहे. ती नेसून यावे, हा विषय मात्र काढू नये.

मी शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवते. आईशी जे बोलते, त्याला मी खोटे मानत नाही. एकाच मृत्यूचे दुःख एका माणसाला रोज द्यायचे, हा मला अन्याय वाटतो.

४. माझे विधी राम घाटावर करावेत. घरात काही करू नये, हार घातलेला फोटो लावू नये. याचा कच्चा खर्डा वाचून विहंग चिडला. "म्हणजे ताई, तुझ्यासाठी घरात रडायचं पण नाही?" रड, विहंग. घाटावर रड, ऑटोत रड. मग तोंड धुऊन घरी ये.

५. आईने माझी चौकशी केली, तर "कॉलेजला गेली, आज पेपर आहे," असे सांगावे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि हे वाक्य ती अजून शेजारणींना मान वर करून सांगते. तिने माझी चौकशी केलीच नाही, तर कोणी वाईट वाटून घेऊन तिला माझ्या नावाची आठवण करून देऊ नये.

लिहून देणार: ऋता प्रभाकर शितोळे (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार:
१. निहारिका पुरंदरे, सहशिक्षिका (सही)
२. अमोल निगुडकर, शेजारी (सही)

उज्जैन, ११ फेब्रुवारी २०२५