तळघरातला लोणा

४ मार्च
आज तळघर उघडलं. ही गेल्यापासून पाच महिने कुलूपच होतं. भिंतीवर कमरेइतकं पांढरं फुललंय — पिंजलेला कापूस चिकटवावा तसं! बोट लावलं की भुरुभुरु गळतं. जिभेला लावून पाहिलं. खारट.

५ मार्च
गवंडी येऊन गेला. "लोणा लागलाय, काका. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, वर सुकतं, खार तेवढा मागे राहतो." मग नखाने पोपडा उचकटून — "ऑइल पेंट कुणी फासला हा? ओल आतच कोंडली. विटा खाल्ल्या तिने."
मीच फासला. दरवर्षी. भिंत चकचकीत दिसली की झालं, असं वाटायचं. उलट त्याच्यावरच डाफरलो — "शहाणपणा शिकवू नकोस मला!" बिचारा मोजपट्टी गुंडाळून निघून गेला.

६ मार्च
काम सुरू. घरभर धूळ. जेवण गेलं नाही.

९ मार्च
गिलावा उतरवून झाला. हिच्या शिलाई मशीनमागची वीट नुसत्या हाताने चुरली. तिथेच बसायची ती, बावीस वर्षं. डॉक्टर सांगून थकले, "दमा आहे, ओलीत बसू नका." माझ्या आईला मशीनच्या खडखडीचा त्रास, म्हणून ही खाली गेली. आई जाऊनही बारा वर्षं झाली. वर खिडकीपाशी जागा करून दिली, तरी आली नाही. म्हणायची, "सवय झालीय हो." हात धरून आणायला हवी होती! रंग फासत बसलो मी.

११ मार्च
लेक आलीय. आईच्या स्टुलावर बसून पोटभर रडली. अर्धवट शिवलेलं एक झबलं सापडलं, ते तिने पर्समध्ये ठेवलं.
न राहवून विचारलं, "माझ्या रंगाने गेली का गं ती?"
"रंगाने नाही, बाबा." मी खोदून विचारलं, आवाज चढला, तशी उठून वर गेली.

१२ मार्च
लेक निघाली. चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली — "आजीने नव्हतं धाडलं आईला खाली. तिनेच मागून घेतलं तळघर. म्हणायची, तिथे तुमचं ओरडणं ऐकू येत नाही."