वीस घोडे

बाबा, मला डॉक्टरांच्या गाडीबद्दल लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मनातल्या मनात तुमच्याशी बोलायला बसलो की मी आईच्या गुडघ्यांचं बोलतो, उन्हाचं बोलतो, आणि गोष्ट गाडीपाशी आली की उठून जातो. आज उठणार नाही.

सदरमधलं, घराला लागूनचं तुमचं गॅरेज डोळ्यांपुढे आहे. कडुनिंबाखाली डॉक्टरांची ती दोन दारांची बुटकी गाडी उभी आहे आणि तुम्ही लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून लाकडी मूठ कानाला लावली आहे, डोळे मिटलेले. डॉक्टरांना शर्यतींचं भारी वेड. कंपनीनं ती गाडी चाळीस घोड्यांच्या ताकदीची म्हणून विकली होती. तुम्ही चौदा आठवडे तिच्यामागे लागलात. इंजिनाचं हेड घासलं, हवेच्या वाटा कानशीनं आणि पॉलिश पेपरनं गुळगुळीत केल्या, एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर बसवले. मग एका संध्याकाळी मूठ कानावरून काढून म्हणालात, "साठ आहेत. एक कमी नाही." डॉक्टर हसले. म्हणाले, कागदावर दाखवा, मग मद्रासच्या शर्यतीला माझे मेकॅनिक तुम्हीच. दुसऱ्याच दिवशी तुम्ही खाकी बॉयलर सूट शिवायला टाकलात. आई म्हणाली, "या वयात नवरदेव होऊन राहिले का?" आणि तुम्ही चक्क लाजलात.

कागद माझ्या हातात होता. मला कॉलेजच्या इंजिन प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागून चार महिने झाले होते. तिथे पाण्याचा ब्रेक होता, इंजिनाची ताकद मोजायचा. इंजिन गाडीतून काढून त्याला जोडायचं. इंजिन फिरू लागलं की ब्रेकचा लोखंडी दांडा वर उचलला जातो. दांड्याच्या टोकाच्या पारड्यात वजनं टाकत जायची, दांडा आडवा स्थिर झाला की वजन वाचायचं. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांना किलोमागे पाच घोडे, सरळ हिशेब. प्राध्यापकांनी माझ्या शब्दावर परवानगी दिली आणि स्वतः बघायला आले. डॉक्टरही आले. मे महिना, सकाळी नऊलाच पत्रे तापलेले. तुमच्या सायकलला कायम लटकलेली ती कॅनव्हासची छागल तुम्ही बरोबर आणली होती. छागल जमिनीवर ठेवत नाहीत, वारा लागला तरच पाणी गार होतं, हे तुम्हीच मला शिकवलेलं. पारड्याच्या मागेच दांड्याच्या टोकाला एक रिकामा आकडा होता आणि खिडकीतून तिथेच वारा येत होता. तुम्ही छागल त्या आकड्याला अडकवलीत.

मी जोडणी तपासायला वेळ लावला तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "कागदावरचे इंजिनिअर! अरे, कान लाव गा. ते काय बोलून राहिलं ते ऐक." प्राध्यापक हसले, डॉक्टर हसले. माझे कान तापले. मी इंजिन सुरू केलं, पाच हजारांवर नेलं, वजनं टाकली. दांडा आठ किलोंवर थांबला. मी मोठ्यानं वाचलं, "आठ. चाळीस घोडे."

चाळीस. म्हणजे कंपनीनं दिलेले तेवढेच, तुमच्या चौदा आठवड्यांचं शून्य. प्राध्यापक फळ्याकडे वळून आकडा लिहू लागले. तुम्ही डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होतात. डॉक्टर घड्याळाकडे. मग तुम्ही कोरड्या आवाजात मला म्हणालात, "पाणी दे रे." इंजिन अजून चालूच होतं. मी आकड्यावरून छागल काढली आणि दांडा टक्कन वर उडाला. इंजिन चार किलो जास्तीचे उचलत होतं, बाबा, आणि ते चार किलो कुणी मोजलेच नव्हते. पाण्याचे होते ते. तुमचे वीस घोडे त्या छागलीत होते आणि मी ती तुमच्या हातात दिली. तुम्ही घटाघट प्यायलात.

एक वाक्य बोलायचं होतं. सर, चूक झाली, पुन्हा मोजतो. एवढंच! नोकरीची भीती वाटली, हे खरं. प्राध्यापकांसमोर गाढव ठरेन, हेही खरं. पण त्याखाली आणखी एक होतं, ते आज लिहितो: तुमचा उतरलेला चेहरा पाहून मला क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच. मग ठरवलं, घरी सांगू. इंजिन हातठेल्यावर चढवलं आणि तुम्ही त्यावर हात ठेवून, टोपी न घालता, उन्हातून सदरपर्यंत पायी गेलात. मी घरी पोचलो तोवर तुम्ही ते उघडायला घेतलं होतं.

मग ते रोजचंच झालं. चांगलं धडधाकट इंजिन तुम्ही उघडत होतात, जोडत होतात, पुन्हा उघडत होतात. आई हाक मारून थकायची, "काहून जेवून नाही राहिले जी?" आणि तुम्ही मला विचारायचात, "कुठी गेले गा वीस घोडे?" एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट कठीण. डॉक्टरांनी मुंबईहून मेकॅनिक बोलावला. बॉयलर सूट शिंप्याकडेच राहिला. पुढे तुम्ही पेचकस कानाला लावणंच सोडलं. साध्या स्कूटरचं टायमिंगसुद्धा मला बोलावून करून घ्यायचात. "तूच मापून सांग. माह्या कानाचं काही खरं नाही." ज्या माणसानं तीस वर्षं कानावर घर चालवलं, तो मला हे म्हणत होता आणि मी मान खाली घालून मोजत होतो. मला माझीच शिसारी येते, बाबा.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी मापात काही चुकलं तं नव्हतं न गा?" दुपार होती, खोलीत आपण दोघंच. इतकी चांगली संधी देवानंही कुणाला दिली नसेल. मी म्हणालो, "नाही बाबा. माप बरोबर होतं." "मंग कानच," म्हणालात.

ब्रेक अजून माझ्याच ताब्यात आहे. प्रयोगाआधी मी दांड्यावरून तीनदा हात फिरवतो; पोरं मागे हसतात, सरांना वेड आहे म्हणतात. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो की छागल त्या दिवशी अर्धीच असेल, फरक थोडाच पडला असेल. काल ती काढली, काठोकाठ भरली आणि तराजूला लावली. चार किलो, वर थोडं. तुमचा कान एका घोड्यानंही चुकला नव्हता. आता हे कुणाला सांगू? आई थकली आहे, तिला सांगून फक्त माझं ओझं उतरेल.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तरी यातही मी एक खोटं लिहिलं. वर लिहिलंय, छागल तुम्ही आकड्याला अडकवलीत. तुम्ही ती माझ्या हातात दिली होती, "सावलीत ठेव गा" म्हणून. अडकवली मीच.