चार पास

मी, भिकन सखाराम गांगुर्डे, वय ५२, राहणार सिडको, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. फुप्फुसे गेली असली तरी डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पत्नी यशोदाबाई हिचे. तिच्यामागे ते मुलगा संघर्ष आणि मुलगी संजना यांचे समसमान. आईच्या हयातीत संघर्षने गच्चीवर खोली काढण्याचा हट्ट धरू नये. तो धरणारच, हे मला माहीत आहे.

२. बँकेतली ठेव संजनाची. लग्नात तिला काही देता आले नाही आणि तिनेही मागितले नाही.

३. माझ्या कानशी, मोजमापाची हत्यारे आणि प्रयोगाची वही महाविद्यालयातल्या सरांना द्यावी, सापडले तर. अंबडच्या कारखान्यात त्यांचा प्रयोग मी चालवत होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दांडा वाकड्या साच्यातून दाबून काढायचा. जाडी तीच राहते, ताकद वाढते. एकदा दाबला की एक पास. आत तडा कधी जाईल ते सरांचा संगणक आधीच सांगायचा. त्याने सहा पास सांगितले. मला चौथ्यालाच दांड्यातून बारीक करकर ऐकू आली. सर म्हणाले, "भिकनराव, कानाचा आलेख काढता येत नाही." ते शिकलेले, मी कामगार. करकर वहीत तारखेसह नोंदली आहे.

४. तो दांडा मी बाजूला ठेवला आणि त्यावर खडूने लिहिले, "४ पास". म्हणजे चार वेळा दाबला, आता पुरे. "पुरे" तेवढे लिहायचे राहिले. पुढच्या पाळीला नाथा लक्ष्मण गावित आला. पेठ तालुक्यातला, तपासणी विभागातून नुकताच दांडे दाबायच्या प्रेसवर बदललेला. तपासणीत चांगल्या मालावर "पास" लिहितात. चार नंबरचा दांडा पास, असे समजून त्याने तो पुन्हा साच्यात घातला. दांडा फुटला आणि नाथाचा उजवा डोळा गेला.

चौकशीत विचारले, खडूचे अक्षर कोणाचे? पुढच्या महिन्यात मला कायम केल्याचे पत्र मिळायचे होते. मी घाबरलो. माहीत नाही म्हणालो. नाथाने चुकीचे वाचले म्हणून त्याचा निष्काळजीपणा ठरला आणि त्याला काढून टाकले.

नंतर मी तीन अर्ज केले. तोवर कारखाना बंद, फाइल बंद, सर परदेशी. मृत्युपत्र मात्र कचेरीत नोंदवून घेतात, म्हणून इथे लिहितो. अक्षर माझे होते.

५. नाथाला वाचायला मीच शिकवले होते, जेवणाच्या सुट्टीत, त्याच खडूने, लोखंडी पत्र्यावर. मागच्या वर्षी पेठला जाऊन त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "दादा, मला बरं वाटावं म्हणून सांगता तुम्ही. मलाच वाचता येत नाय." त्या अपघातापासून त्याने कागद हातात धरलेला नाही. एसटीची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारतो. मी परत आलो. मला आणखी काही करता आले नाही.

माझी सायकल नाथाची. संघर्षने ती स्वतः पेठला पोचवावी आणि या कागदाची एक प्रत त्याच्या हातात द्यावी. कोणीही ती त्याला वाचून दाखवू नये. तो वाचेल की नाही, ते माझ्या हातात नाही. त्याच्यासाठी शेवटची ओळ मोठ्या अक्षरात लिहिली आहे.

नाथा, तू बरोबर वाचलेस.

लिहून देणार: भिकन सखाराम गांगुर्डे (सही)

आमच्यासमोर सही केली:
१. धनराज कारभारी निकम (सही)
२. वत्सलाबाई चंदर पगारे (सही)

नाशिक, ११ मार्च २००८