युफेमियाबाईंच्या हातातला माइक

तीर्थस्वरूप मानांग, माझ्या थोरल्या ताई,

इथूनच तुझ्या हाताला कपाळ टेकवते. देवाच्या आणि तू पाठवलेल्या खोक्याच्या कृपेने आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे हाँगकाँगला तुझ्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली का, आणि मालकीणबाईंचा कुत्रा आता मुकाट्याने औषध घेतो का? आमच्याकडे औषधाची गरज फक्त तुझ्या यजमानांना आहे, पण त्यांच्या आजाराला डॉक्टरांनी अजून नाव ठेवलेलं नाही. फोनवर हे सांगता येत नाही. फोन वाजला की वेनान्सियो भावोजी माझ्या मांडीला मांडी लावून बसतात, आणि मी 'हॅलो' म्हणायच्या आत सगळं छान चाललंय म्हणून सांगून मोकळे होतात. म्हणून हा कागद. लुर्देसची मुलगी तिकडे नोकरीला निघाली आहे, तिच्या हाती देते. (तिने वाटेत वाचला तरी हरकत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहेच.)

तर कराओकेचं यंत्र पोचलं. साबण, डब्यातलं मांस, चॉकलेटं, आणि तळाशी टॉवेलांत गुंडाळलेलं ते. तुझ्या लेकीला, चारिनाला, मागणी घालायला पाहुणे येतील तेव्हा जरा करमणूक व्हावी, एवढाच तुझा हेतू. भावोजींनी त्याचा अर्थ असा लावला की बायकोने इतकी वर्षं परदेशात राबून शेवटी आपल्या गळ्याची कदर केली. त्या दिवसापासून हा माणूस कोंबड्याच्या आधी उठून गातो. कोंबड्याने आरवणं सोडलंय. यंत्र प्रत्येक गाण्याला शंभरातले गुण देतं, आणि जो जास्त ओरडेल त्याला जास्त देतं. (आपल्या गावची निवडणूकही याच तत्त्वावर होते, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.)

मग तो रविवार आला. रुएल आपल्या माणसांना घेऊन रीतसर मागणी घालायला आला. पोरगा सोन्यासारखा आहे, पण त्याची आई युफेमियाबाई! नवऱ्यामागे कोळंबीची तळी एकटीने सांभाळणारी आणि चर्चच्या गाणाऱ्या बायकांची पुढारी. ती नुसती दारात उभी राहिली तरी घरातल्या भिंती ताठ होतात. सोबत तिचा थोरला भाऊ हर्मोहेनेस, कस्टमच्या कचेरीतून निवृत्त झालेला विधुर. या गृहस्थांमध्ये एकच खोट आहे, ती म्हणजे त्यांना सगळं माहीत असतं. पाहुण्यांनी अख्खं भाजलेलं डुक्कर आणलं होतं. मी कालवं आणि पिवळा भात केला होता. लग्न कुठल्या चर्चमध्ये, गाव किती जेवायचं, सगळं साखरेसारखं विरघळत चाललं होतं. एवढ्यात भावोजी उठले. म्हणाले, "बोलणी काय, होतच राहतील. आधी गाणं होऊ द्या!"

त्यांनी लागोपाठ तीन गाणी म्हटली. ताटं थरथरली. अंगणातला कुत्रा गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसला. गुण अठ्ठ्याण्णव. मग मोठ्या अदबीने, कमरेत वाकून, त्यांनी दुसरा माइक युफेमियाबाईंच्या हातात दिला. बाई उभ्या राहिल्या, छातीवर हात ठेवला, डोळे मिटले. नवरा जिवंत असताना दोघं मिळून म्हणायची ते गाणं निवडलं होतं. वाद्यं वाजायला लागली, बाईंचे ओठ हलायला लागले, आणि आवाज? काही नाही ग! काचेच्या पेटीतला मासा कसा तोंड उघडतो-मिटतो, तसं. कुत्रा परत येऊन पायरीवर झोपला. गाणं संपल्यावर पडद्यावर एकतीस गुण उमटले आणि यंत्राने वर एक 'पोंऽऽ' असा आवाज काढला. तिथेही निभावलं असतं. पण भावोजी मायेने म्हणाले, "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं."

युफेमियाबाईंनी माइक टेबलावर ठेवला. "आम्ही मुलीचा हात मागायला आलो होतो," त्या म्हणाल्या, "आमचं तोंड दाबून घ्यायला नाही. यांचा माइक ढोलासारखा वाजतो आणि माझ्या हातात देतात तो मुका? रुएल, ऊठ! डुक्कर उचल."

आता डुक्कर उचलायचं म्हणजे काय, अर्धं आमच्या पोटात होतं. रुएल उरलेलं डोकं दोन्ही हातांत धरून दारात उभा, चारिना त्याच्यासमोर हुंदके देतेय, आणि तो मला विचारतोय, "मावशी, काहीतरी करा ना!" मी काय करणार? मी कालवांचं भांडं धरून उभी होते.

तेव्हा हर्मोहेनेस खाकरले. "युफेमिया, थांब. हा माणसांचा नाही, यंत्राचा दोष आहे. मी सिद्ध करून दाखवतो. तोवर लग्न मोडलं असं समजू नये, तहकूब समजावं."

"दाखव सिद्ध करून," बाई म्हणाल्या. "नाही झालं तर गावात पुष्कळ मुली आहेत आणि त्यांच्या बापांना गाता येत नाही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून हे गृहस्थ आमच्याकडे. आधी माइक झाडला. मग त्यात फुंकर मारली. मग सेल बदलले. मग म्हणाले, आत दमट हवा शिरली आहे, तांदळात पुरा. पुरला. (मला न सांगता पुरला. मी भात लावायला गेले आणि किंचाळले.) मग माहितीपुस्तक वाचलं. त्यात लिहिलं होतं: आवाज कमी येत असल्यास आवाज वाढवावा, तरीही कमी येत असल्यास आणखी वाढवावा. आपल्या नगराध्यक्षांच्या कचेरीतही असंच उत्तर मिळतं. मग त्यांनी माइक उघडला, त्यातली स्प्रिंग उडाली आणि भावोजींच्या सूपमध्ये सापडली. भावोजी या सगळ्या वेळात पहिला माइक तान्ह्या मुलासारखा मांडीवर घेऊन बसलेले. वर म्हणायचे, "माझा तर बाई नीट चालतो." आणि त्या हर्मोहेनेस यांची बडबड विचारू नकोस! बंदर, जहाजं, पकडलेला माल. कॉफीत साखर ओतायची पोत्याने, आणि माझ्या बिबिंका केकला नावं ठेवायची: "पर्पेतुआबाई, खालून करपलाय. वरून कच्चा आहे. मधला भाग मात्र आशादायक आहे." यांची बायको देवाकडे लवकर का गेली, ते मला कळलं.

शेवटी त्यांनी मलाच उभं केलं. त्यांनी पहिल्या माइकवर म्हणायचं, मी दुसऱ्यावर, म्हणजे फरक कळेल. मी म्हटलं, मला गाता येत नाही. "गाण्यासाठी कोण सांगतंय?" ते म्हणाले. "परीक्षेसाठी म्हणा." म्हणत असताना ते रिमोटची बटणं दाबत होते. पडद्यावर आधी वाद्यांच्या आवाजाची पट्टी आली, आणि तिच्याखाली आणखी दोन, एकेका माइकची एकेक. पहिल्याची काठोकाठ भरलेली. दुसरीत तांदळाच्या दाण्याएवढा रंग. म्हणजे बिघाड नव्हताच! कोणीतरी तो आवाज कमी करून ठेवला होता. आम्ही दोघांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी छताकडे पाहिलं.

"जोडगाण्यात दोन्ही आवाज सारखे झाले," ते छतालाच म्हणाले, "की ऐकणाऱ्यांचा गोंधळ उडतो."

मानांग, खोकं फोडलं त्याच दिवसापासून हा उद्योग चालला होता! भावोजींसोबत म्हणताना मला वाटायचं, वयामुळे माझाच गळा गेला. म्हणजे युफेमियाबाई बोलल्या ते खरंच होतं. अपमान झाला होता. तो खास त्यांच्यासाठी केला नव्हता, एवढंच; येईल त्याला द्यायला तयार ठेवलेला होता. मी घाबरले. हे खरं बाहेर पडलं असतं तर चारिनाचं लग्न कायमचं मोडलं असतं. आणि समोर तर असा माणूस, जो केकबद्दलसुद्धा खोटं बोलत नाही.

त्यांनी काय करावं? दोन्ही माइकच्या पट्ट्या सारख्या केल्या, भावोजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "वेनान्सियो, तुम्ही फक्त गप्प राहायचं. जमेल?" मग बहिणीच्या घरी जाऊन, मला साक्षीला नेऊन, छाती काढून सांगितलं, "समुद्राच्या हवेने आतली तार आखडली होती. दुसऱ्या कोणाला सापडली नसती." इतक्या जबाबदार चेहऱ्याने थाप मारणारा माणूस मी पाहिला नव्हता. निघताना दारात मला हळूच म्हणाले, "पोरं सुखात राहायला हवीत. तार आखडली काय आणि माणूस आखडला काय."

पुढच्या रविवारी युफेमियाबाई आल्या, नवं डुक्कर घेऊन. तेच गाणं म्हटलं. आवाज म्हणशील तर मासेमारीच्या बोटीच्या इंजिनासारखा आहे, पण शेवटच्या ओळीला त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आमच्याही. गुण नव्व्याण्णव. त्यांनी चारिनाला जवळ ओढलं आणि लग्न मे महिन्यात ठरलं. त्यानंतर भावोजी गायले, त्यांना चौऱ्याऐंशी मिळाले. ते जरा वेळ अंगणात जाऊन उभे राहिले.

बाकी सर्व ठीक. दुसऱ्या माइकचा आवाज अजून अधूनमधून आपोआप उतरतो, म्हणून हर्मोहेनेस यांना रोज संध्याकाळी यावं लागतं. फार कटकट आहे. तू तब्येतीला जप.

तुझी धाकटी,
पर्पेतुआ

ता. क. चारिनाच्या झग्यासाठी पांढरी लेस पाठव. जरा जास्तच पाठव. दोन झगे होतील एवढी.

ता. क. दुसऱ्यांदा. भावोजी आता त्या पट्टीला हात लावत नाहीत, युफेमियाबाईंना भितात. चारिना दिवसभर शिवणवर्गात असते. मग घरात उरलं कोण, हे तुझं तू ओळख आणि कोणाला सांगू नकोस. हर्मोहेनेस यांना कधीच कळलंय. काल त्यांनी येताना मुद्दाम जुने सेल आणले होते, म्हणजे आज पुन्हा यावं लागेल.

ता. क. शेवटचं. आईबाबांमागे तूच मोठी, तेव्हा मागणी तुझ्याकडेच घालायला हवी असं ते म्हणतात. मी या वयात नवरी होणार म्हणून गाव हसेल, हसू दे. मेमध्ये तू येणारच आहेस, एका तिकिटात दोन लग्नं होतील. नकार द्यायचा असला तर पोस्टाने पाठव, इथे पोस्ट कधीच पोचत नाही. होकार असला तर आजच फोन कर.