वजाबाकीनंतरचा शब्द

२ डिसेंबर
पोचले एकदाची जबलपूरला! नोकरीही मिळाली आणि खोलीही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. विजय नगरात हेमलताताईंच्या घरी वरची खोली घेतली आहे. ताई मराठीच, पण दर दोन वाक्यांनी हिंदीत शिरतात. लेक चिन्मयी सध्या नागपूरला सासूबाईंकडे आहे. नवरा, अनिमेष, गेल्यापासून आम्ही दोघीच एकमेकींना. जानेवारीत ती इथे आली की हे घर वाटेल. सहा वर्षांची बाई फोनवर मलाच विचारते, जेवलीस का.

५ डिसेंबर
नेपियर टाउनमधलं आमचं केंद्र म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. विसरायला लागलेली म्हातारी माणसं येतात. त्यांना एक शब्द सांगायचा, लगेच एक वजाबाकी घालायची, मग दुसरा शब्द, पुन्हा वजाबाकी. शेवटी सगळे शब्द विचारायचे, आणि आठवड्याने परत. डॉ. हेमचंद्र म्हणतात, नुसती घोकंपट्टी ओठांपुरतीच राहते. वजाबाकी मध्ये आली की शब्द हातून सुटतो आणि मनाला मागे जाऊन तो आणावा लागतो. असा आणलेला शब्द पुढे टिकतो.

मराठी पेशंटांसाठी शब्द मी निवडायचे होते. स्वतःच्या जिवाजवळचे घेऊ नका, सांगताना आवाज बदलतो, असं डॉक्टरांनी बजावलं. मी मान डोलावली आणि सुचले तेच दिले: स्वेटर, झोका, पाटी, गुळपोळी. लेकीची आठवण येत होती, दुसरं काय!

१२ डिसेंबर
आज बाबारावजी दुसऱ्यांदा आले. कारखान्यातून निवृत्त झालेले, बायकोचं नावही हरवून बसलेले. सून नंदा हात धरून आणते. मागच्या आठवड्यात त्यांना दोनच शब्द सांगता आले होते. आज सगळे सांगितले. वर म्हणाले, पोरीचं स्वेटर निळं आहे, खिसा उसवलाय.

मी रंग सांगितलाच नव्हता. संध्याकाळी चिन्मयीचं स्वेटर आठवून पाहिलं, तर काहीच डोळ्यांसमोर येईना. सासूबाईंना फोन केला. निळंच, खिसा उसवलेलं, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "विनता, अगं तूच तर विणलंस ते."

१९ डिसेंबर
बाबारावजींनी आज झोक्याची गोष्ट सांगितली. पोरगी झोक्यावरून पडली, हनुवटीला टाके पडले, ती रडली नाही, आईच रडली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मला यातलं काही आठवत नाही. फोटोत चिन्मयीच्या हनुवटीवर व्रण आहे.

आता शंका उरली नाही. त्यांना जे आठवतं, ते माझ्यातून जातं. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, नव्या गावाचा ताण आहे, आराम करा. बाबारावजींची चाचणी मी बंद केली.

२७ डिसेंबर
बंद करून काय उपयोग! नंदा बाजारात भेटली. सध्या मटार स्वस्त, बाबारावजी दिवसभर सोलत बसतात. मूठभर दाणे मोजतात, थांबतात, आणि त्या मुलीची एकेक गोष्ट सांगतात. पुन्हा दाणे, पुन्हा गोष्ट. सगळ्या शेजाऱ्यांना सांगतात, माझी लेक आहे म्हणून. मी नंदाला विनवलं की त्यांना बोलू देऊ नकोस.

ती म्हणाली, "दीदी, किती दिवसांनी हसून राहिले ते. काहून थांबवू?"



२ जानेवारी
फोनवर कुणीतरी लहान मूल बोलत होतं. मी विचारलं, कोण? मग पलीकडून सासूबाईंनी फोन घेतला.

स्वतःवरच करून पाहते आहे. चिन्मयी. शंभरातून सात. चिन्मयी. त्र्याण्णवातून सात. चिन्म —

भीती वाटते. फार भीती वाटते.

५ जानेवारी
सासूबाई आल्या. बरोबर एक मुलगी. हेमलताताई म्हणतात, अच्छा, हीच का तुमची! हनुवटीवर व्रण आहे, म्हणजे खरं असणार.

ती "आई" म्हणाली. मी हसले. पेशंटकडे पाहून हसते तशी. तिला ते कळलं — आजीच्या मागे जाऊन उभी राहिली.

दुपार
पुन्हा वजाबाकी. शब्द सुटला की मागे जायचं, आणायचं. डोळे मिटून मी मागे गेले —

आमचं नागपूरचं घर. खिडकीत ऊन. ती पाठमोरी, पाटावर. आणि तिच्यामागे बाबारावजी — तिची वेणी घालताहेत. सराईत हातांनी.

मला पाहून थांबले. किती आदबीनं विचारलं, "या बाई. कोन पाह्यजे तुमाले?"

मुलगीही वळून बघायला लागली. मी सांगायला तोंड उघडलं, की मी हिची —