सूत्रकृमीच्या अंगावरची साय

११ जून
शून्य! नव्या शेतातले शंभर सूत्रकृमी तपासले — एकाच्याही अंगाला बीजाणू चिकटलेला नाही. जुन्या शेतातल्यांवर मात्र भरपूर. माझ्या मार्गदर्शक मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अगं, परिषदेत हेच सांगते! तुझं नाव आधी घालू." दुपारी आम्ही दोघी एकत्र जेवलो. दोन वर्षांत पहिल्यांदा!

रात्री दादाला फोन केला. "शून्य म्हणजे नापास ना गं?" मी समजावायला घेतलं, तर त्याला दुसरा फोन आला. मग राहिलेलं इथेच सांगते — हे किडे डोळ्याला दिसत नाहीत, पण मुळांना गाठी आणून झाड वाळवतात. त्यांना मारणाऱ्या जिवाणूचे बीजाणू आम्ही त्यांच्यावर सोडतो. चिकटले की किडा संपला. नवे किडे मात्र चिकटूच देत नाहीत. कळलं, दादा?

१४ जून
झोप उडाली. नव्या किड्यांचा चिखल निघेना, म्हणून धुताना मी पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले होते. फक्त त्यांच्याच! मेली ही माझी स्वच्छतेची खोड.

किड्याच्या कातडीवर पातळ थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. मुळांनी विरोध केला की किडा तो झटकून टाकतो आणि नवा चढवतो. बीजाणू पकडतो तो याच सायीला. साबणाने तीच गेली असेल तर चिकटणार कशाला?

परिषद एकोणीस-वीसला. सांगितलं तर भाषण जाणार, आणि मी पुन्हा एकटीच जेवणार. न सांगून चालेल का? कुणालाही कळणार नाही.

१६ जून
सांगितलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "बरं केलंस," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्यासमोरच भाषण रद्द केल्याचं कळवलं. दुपारी त्यांचं दार बंद. मी जिन्यात बसून डबा उरकला.

१७ जून
दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. किड्यांशी बोलले. वेडीच आहे मी.

२१ जून
साबणाशिवाय सगळं पुन्हा केलं. जुन्यांवर बीजाणूंचा खच. नव्यांवर शून्य. तीनदा मोजलं — शून्यच!

परिषद काल संपली.