सहा तासांच्या आत

२ फेब्रुवारी
घोडदौडीसाठी नाव नोंदवले. लहान पल्ला, चाळीस किलोमीटर. मुदत सहा तास, मधली पाऊण तासाची सक्तीची विश्रांती धरून. म्हणजे ताशी पावणेआठ किलोमीटरही नाही. एवढ्याने शाळकरी पोरही घाबरणार नाही.
संकल्प: (१) वजन ८६ वरून ७८. (२) चहात साखर नाही. (३) गेल्या वर्षीचा विचार नाही. तिसरा सर्वांत सोपा, कारण त्यात विचार करण्याजोगे काही नव्हतेच. माझा घोडा शहाणा गेला, पण त्याचे हृदय जन्मतः दुबळे होते. असे असते काही घोड्यांचे.
या वर्षी मुलीची घोडी, मैना. मुलीची अट एकच: बाबा, ती परत आली पाहिजे. मी म्हटले, घोडी म्हणजे काय छत्री आहे, कुठेतरी विसरून यायला? ती हसली नाही.

५ फेब्रुवारी, स. ७
आठ किलोमीटर, सहज. मैना उत्तम. मीही.
चहात साखर पडली. कॉलेजातील सहकाऱ्याने करून दिलेला चहा; नाकारणे अशिष्ट.
तबेल्यात शहाण्याच्या रिकाम्या ठाणात ओंजळभर दाणा टाकला गेला. हाताची सवय. वीस वर्षे घोड्यांत काढलेल्या मोतद्दाराने पाहिले आणि तो मैनेला खरारा करू लागला.

६ फेब्रुवारी
दाणा संपलेला. उंदीर.

११ फेब्रुवारी
तिथली बादलीही कोरडी. काल भरली होती. (कोणी भरली, हा प्रश्न गौण.) मोतद्दाराला म्हटले, उंदीर फार झालेत. तो म्हणाला, साहेब, बादलीभर पाणी पिणारा उंदीर मला दाखवा, मी त्याला खोगीर घालतो.
मैना त्या ठाणापुढून जाताना अंग चोरते. मीही पलीकडून जातो, पण ते चिखलामुळे.

१७ फेब्रुवारी
स्पर्धेच्या डॉक्टरीणबाईंनी नियम सांगितले. रेषा ओलांडली म्हणजे वेळ थांबत नाही. घोड्याची नाडी चौसष्टवर उतरेल तेव्हा घड्याळ थांबते. तोवर सहा तास उलटले तर स्वार बाद. म्हणून शेवटी पळवू नका, चालवत आणा. हे सांगताना पन्नास माणसांतून बाईंनी नेमके माझ्याकडे पाहिले. मी वहीत भराभर लिहिल्यासारखे केले.
वास्तविक गेल्या वर्षीही हा नियम मला मुखोद्गत होता. भरधाव आलो तो केवळ हाताशी वेळ राहावा म्हणून. रेषेवर पाच तास चाळीस. वीस मिनिटे शिल्लक. त्या वीस मिनिटांत शहाण्याची नाडी
संकल्प ३.

२२ फेब्रुवारी
पंचवीस किलोमीटरचा सराव. परतताना मागे टापा. मैनेला थांबवले, मागच्या टापा एका ठोक्याने उशिरा थांबल्या. प्रतिध्वनी. आजूबाजूला भिंत, टेकडी काही नव्हते, आणि प्रतिध्वनीला काहीतरी आडवे असावे लागते हे मला कळते. तरी प्रतिध्वनीच.
वजन ८७. खोगिराचे धरले गेले असावे. बायको म्हणाली, अहो, खोगीर घालून काट्यावर उभे राहिलात की काय?

२७ फेब्रुवारी
वेळापत्रक तीन रंगांच्या शाईत सिद्ध. पहिली फेरी दोन तास वीस, विश्रांती, दुसरी फेरी दोन तास वीस. पस्तीस मिनिटे शिल्लक. मनगटावर दोन घड्याळे बांधणार. एक थांबले तर दुसरे. बायकोने विचारले, आणि तुम्ही थांबाल का? प्रश्न विषयाला सोडून होता.

१ मार्च, स. ५.३०
झोप उत्तम. तीन तास. आज पाच तास पंचवीस मिनिटांत प्रकरण निकालात.

१ मार्च, सायं. ५
साडेसहाला सुटलो. पहिली फेरी दोन तास अठरा मिनिटे. विश्रांतीत मैनेची नाडी चार मिनिटांत उतरली. बाई म्हणाल्या, छान. मी म्हटले, अपेक्षितच.
दुसऱ्या फेरीत, तेहतिसाव्या किलोमीटरला, रस्ता मोरीपाशी उतरतो. तिथे मागून टापा आल्या आणि थांबल्या. मानेवर ऊन श्वास. मागे पाहिले नाही. घड्याळे पाहिली: दोन्हींत अकरा वाजून चार. सात किलोमीटर, सुमारे दीड तास. मैना ताजी. डुलत डुलत गेलो असतो तरी चालले असते.
गेल्या वर्षी याच मोरीपाशी शहाणा आपणहून थांबला होता. दमला की थांबायचा. घरात त्याला ते नाव पडले ते त्यावरूनच. मी घड्याळ पाहिले आणि टाच मारली. पुढे वळणावर पुन्हा थांबला, तेव्हा चाबूक. हृदय दुबळे नव्हते. बाईंनी तसे लेखी दिले होते. तो कागद मी कोणालाच दाखवला नाही.
उतरलो. पुन्हा बसणे जमले नाही. लगाम धरून चालू लागलो. माझे दोन पाय, मैनेचे चार, आणि आणखी चार.
सव्वा वाजता पोचलो. मुदत साडेबाराची. शेवटच्या रेषेची फीत गुंडाळून टेम्पोत टाकली होती. मैनेची नाडी चव्वेचाळीस. बाईंनी कागदावर 'बाद' लिहिले आणि म्हणाल्या, घोडी मात्र एकदम ठणठणीत.
मुलीने मैनेचे चारही पाय चाचपले, मग विचारले, बाबा, तुम्हाला लागलंय का कुठे? रिकिबीचा पट्टा तुटला, हे उत्तर तयार होते. तोंडून निघाले ते असे, की गेल्या वर्षी तो थांबला होता, मीच हाकलला.
ती म्हणाली, माहीत आहे. मोतद्दाराने त्याच दिवशी वळ पाहिले होते. आईलाही माहीत आहे. तुम्ही कधी बोलता, एवढंच बघत होतो आम्ही.
वर्षभर जपलेले गुपित, आणि त्यात नवे कोणालाच काही नाही.
मी विचारले, पुढच्या वर्षी मैना देशील? नाही, म्हणाली. खोगीर सोडून माझ्या हातात दिले. गाडीपर्यंत तुम्हीच न्या, जड आहे.
नेले. अर्ध्या वाटेवर टेकलो आणि या वेळी मागे वळून पाहिले. धुळीत मैनेच्या एकटीचे ठसे. दुसरे कोणी नव्हते.
बरे वाटायला हवे होते.